चौतिसावी शवपेटी

१

मेलेला माणूस हरवत नाही, असं नोरा क्रिमिन्सचं ठाम मत होतं. जिवंत माणसं हरवतात. कुणी दारूत हरवतो, कुणी अमेरिकेत. मेलेला बिचारा जिथे ठेवाल तिथे पडून राहतो. म्हणून १९१५च्या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी एक अनोळखी म्हातारा टोपी हातात धरून तिच्या खाणावळीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझ्या मुलाचं प्रेत सापडत नाही," तेव्हा तिने त्याला आधी आत घेतलं, शेगडीपाशी बसवलं आणि चहा पुढे केला. उपाशी माणसाच्या बोलण्यावर तिचा विश्वास नसे.

म्हाताऱ्याचं नाव एलायस प्रॉसर. वेल्सहून आला होता, दोन आगगाड्या आणि एक बोट करून. कोट जुना, पण घासूनपुसून काळा ठेवलेला. कप धरलेल्या बोटांवर बारीक निळे ठिपके होते. शाळेत कारकून असेल, नोराच्या मनात आलं. शाई काही जन्मभर हात सोडत नाही.

अकरा दिवसांपूर्वी 'मॉर्वेना' ही न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला निघालेली प्रचंड आगबोट किलकारा गावासमोर, किनाऱ्यापासून नऊ मैलांवर, जर्मन पाणबुडीने बुडवली होती. गावातल्या झाडून साऱ्या होड्या तिकडे धावल्या. आणलेली जिवंत माणसं गावाने घरोघर वाटून घेतली, मेलेली धक्क्यावरच्या मासळीच्या वखारीत ओळीने ठेवली. तेव्हापासून बातमी विचारत येणारे बाप आणि नवरे नोराने बरेच पाहिले होते. बहुतेकांच्या डोळ्यांत थोडी तरी आशा असे. या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत ती नव्हतीच.

"मुलगा बोटीवर होता, एवढं नक्की ना?" तिने विचारलं.

"होता. आणि गेला, हेही नक्की. तुमच्या गावात आणला, हेही नक्की." प्रॉसरने खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं. "पण तुमच्या सार्जंटच्या यादीत तो नाही. तेहतीस वर्णनं मी तीनदा वाचली, बाई. उंची, केस, दात. एकही माझ्या ग्विलिमचं नाही."

नोराने पत्राखालची सही वाचली आणि ती खुर्चीतून उठलीच.

"टिल्डा रूर्क? अहो, ही तर माझ्या माडीवर पाय मोडून पडलीय!"

२

टिल्डा 'मॉर्वेना'वरची स्ट्युअर्डेस. म्हणजे बायकांच्या केबिनी सांभाळायच्या, कुणाला मळमळलं तर भांडं धरायचं आणि वर हसायचं. नोराने स्वतः हेच काम सोळा वर्षं केलं होतं, त्यामुळे दोघींचं चांगलं जमलं होतं. एकाच गोष्टीवरून रोज खटका उडे. टिल्डाला तिचं जेवण नेहमी उशिरा आल्यासारखं वाटे.

"एक वाजून पंचवीस मिनिटं झाली, नोरा! स्वयंपाकघरात झोपलीस की काय?"

"माझ्या घड्याळात बरोबर एक वाजलाय. तुझं घड्याळ अजून बोटीवरच आहे, बये. इथे आयर्लंडच्या वेळेने जेवायचं."

"पंचवीस मिनिटं मागे राहणारा देश! म्हणूनच तुमचं हे असं आहे."

आज मात्र प्रॉसरचं नाव ऐकताच टिल्डाने हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. मग उशीला टेकून बसली आणि त्याने न विचारताच बोलू लागली.

"शेवटचा दिवस होता ना, सगळे खुशीत होते. जमीन दिसायला लागली होती. बायकांनी उतरायच्या टोप्या बाहेर काढल्या होत्या. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी डेकवरच्या म्हाताऱ्यांना अकराचं गरम सूप देत होते. आधी दणका बसला. फार मोठा नाही, कुणी जड दार आपटावं तेवढाच. एक आजीबाई मला म्हणाल्या, 'जरा हळू गं.' त्यांना वाटलं, मीच काही पाडलं! मग सुपाचे कप आपणहून टेबलावरून चालायला लागले. सगळे एकाच बाजूला."

"आणि ग्विलिम?"

"तो तिसऱ्या वर्गातून वर आला. दोन्ही काखांत एकेक पोर. ती माझ्या हवाली केली आणि परत खाली गेला. असा तीनदा गेला, मिस्टर प्रॉसर. तिसऱ्या वेळी एक तान्हं होतं, त्याला गुंडाळायला काही नव्हतं, तर याने अंगातला कोट काढला. बोट इतकी कलली होती की एका बाजूच्या होड्या आतच लोंबकळत होत्या. पहिली होडी पाण्यात पडेस्तोवर साडेअकराला पाचच मिनिटं कमी होती. तोपर्यंत एकही माणूस पाण्यात नव्हता. सगळे डेकवर हात जोडून उभे."

ती ग्लासातलं पाणी प्यायली.

"तो अगदी शेवटी उडी मारून आला. वरून होडीची लोखंडी कप्पी सुटून त्याच्या तोंडावर बसली. आम्ही त्याला आत ओढला. डोळे गेले होते. माझा हात धरून त्याने नाव सांगितलं, तुमचा पत्ता सांगितला. म्हणाला, 'लिही, मी घाबरलो नाही.' मग थोड्या वेळाने म्हणाला, 'खोटं आहे, पण तेच लिही.'"

प्रॉसर खिडकीकडे पाहत होता.

"तुमच्याच गावची होडी आली," टिल्डा नोराला म्हणाली. "त्यांनी आम्हाला त्यांच्या होडीत घेतलं आणि आमची होडी, त्याच्यासकट, मागे बांधून ओढत आणली. धक्क्यावर त्याला उचलून नेताना मी पाहिलाय. वखारीच्या दारातून आत गेला तो. मला मोडक्या पायाने इकडे आणलं, त्याचं नाव मला कुणी विचारलंच नाही."

"मग वखारीतून गेला कुठे?" प्रॉसर म्हणाला.

३

सार्जंट ल्यूसीचा स्वभाव गरीब आणि अक्षर सुंदर. आयुष्यात एवढी मोठी यादी त्याने पहिल्यांदाच केली होती. कुणी तिच्यात चूक काढली तर त्याच्या जिवाला लागे.

"मिसेस क्रिमिन्स, तुम्ही मला पोलिसकाम शिकवणार आता?"

"छे हो. मला फक्त बघू द्या. मी बघ्यांतली."

वखार आता रिकामी होती, मासळीचा वास तेवढा परत आला होता. सार्जंटने टेबलावर पाकिटं मांडली. प्रत्येक पाकिटावर आकडा, आत त्या माणसाच्या खिशातलं सामान. प्रॉसर एकेक वस्तू हातात घेऊन खाली ठेवत होता. अंगठ्या, किल्ल्या, भिजून लगदा झालेली पत्रं, घड्याळं. घड्याळं नऊ निघाली. सगळी बंद पडलेली. नोराने सवयीने ती पाहिली. अकरा चाळीस. अकरा बेचाळीस. एक अकरा सदतीस. सगळ्यात आधी थांबलेलं अकरा एकोणतीस.

"बोट बुडाली अकरा चाळीसला," सार्जंट हळू आवाजात म्हणाला. "बोटीच्या घड्याळात."

नोराने मान डोलावली. बोट पूर्वेकडे जात असली की रोज मध्यरात्री घड्याळं पुढे करतात. सकाळी प्रवासी न्याहारीला डोळे चोळत येतात आणि स्ट्युअर्डेसला शिव्या देतात. शेवटच्या दिवशी सगळी बोट इंग्लंडच्या वेळेवर आलेली असते. तिने हजारदा दारं ठोठावून सांगितलं होतं, "घड्याळ पुढे करा, मॅडम."

निघताना तिची नजर दाराशेजारच्या भिंतीवर गेली. बॅटी नूनन सुताराने तिथे खडूने रेघा ओढल्या होत्या. एक शवपेटी बाहेर पडली की एक रेघ. पाच-पाच रेघांचे जुडगे. नोराने बोट फिरवत ते मोजले, मग पुन्हा मोजले.

"सार्जंट, प्रेतं किती होती म्हणालात?"

"तेहतीस. सांगितलं ना."

"मग बॅटीने पेट्या चौतीस का केल्या?"

४

सार्जंट आधी गोंधळला, मग हसला. हसू या दिवसांत शोभत नाही हे आठवून त्याने ते लगेच आवरलं.

"अहो बाई, चौतिसावा आपला मर्टी हेगार्टी नाही का! तो बेवारस थोडाच होता, म्हणून यादीत नाही. त्याच्या भावाने, डॅनने, त्याच दुपारी ओळखला आणि घरी नेला. तुम्हीही होतात की त्या रात्री प्रेताशेजारी जागरणाला."

होतीच. नोराने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मर्टी हेगार्टी अकरा वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला होता. म्हातारी हॅना त्याची वाट पाहून वाळली होती. आणि तो आला, तो असा. चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता म्हणून डॅनने चादर तोंडावरून काढू दिली नाही. त्या चादरीशेजारी नोराने गुडघे टेकून प्रार्थना म्हटली होती, चहा ओतला होता आणि हॅनाचं हेल काढून रडणं ऐकून स्वतःही रडली होती.

"डॅनने ओळखला कशावरून?"

"खिशातलं घड्याळ. बापाने मर्टीला निघताना दिलेलं. मागे नाव कोरलंय. त्याहून काय पुरावा हवा?"

"आणि बोटीच्या प्रवाशांच्या यादीत मर्टीचं नाव?"

"नाही. पण त्या यादीत निम्मी नावं चुकलेली आहेत," सार्जंट म्हणाला आणि अस्वस्थ होऊन मिशी चावू लागला.

बॅटी नूनन त्याच्या अंगणात रंधा मारत होता. त्याला प्रश्न विचारले की तो आधी कामाचं गाऱ्हाणं गाई, म्हणून नोराने ते पाच मिनिटं ऐकून घेतलं.

"मर्टीला पेटीत तूच ठेवलंस ना रे?"

"मी आणि डॅनने. हॅनाबाईंनी हातांत जपमाळ गुंडाळली होती. छान दिसत होती. हात मात्र घाणेरडे."

"घाणेरडे म्हणजे?"

"शाई लागलेले. बोटांवर, मनगटावर निळे ठिपके. मी थुंकी लावून घासले, मेलेल्याचा मान म्हणून. गेलेच नाहीत. अमेरिकेत काय शाई बनवतात कोण जाणे!"

नोराने मागे वळून पाहिलं. प्रॉसर फळ्यांच्या ढिगाशी उभा होता. त्याने हळूहळू दोन्ही हात वर केले आणि बॅटीसमोर धरले.

"असे?" त्याने विचारलं.

बॅटीच्या हातातला रंधा तसाच राहिला.

"ही शाई नाही," प्रॉसर म्हणाला. "हा कोळसा आहे. एक्केचाळीस वर्षं खाणीत काढली मी. खरचटलं की जखमेत कोळशाची भुकटी जाते, वरून कातडी मिटते. मग ते निळं आपल्याबरोबर खड्ड्यापर्यंत येतं. ग्विलिम बारा वर्षांचा असल्यापासून माझ्या शेजारी काम करत होता. अमेरिकेतही खाणीतच गेला, पोरगा. दुसरं काय येत होतं त्याला?"

तो फळ्यांवर बसला. नोरा शेजारी बसली.

५

मुलगा कुठे आहे हे आता कळलं होतं. कसा गेला हे कळलं नव्हतं. डॅनची चूक झाली, म्हणावं तर घड्याळ आडवं येत होतं. वेल्सच्या खाणकामगाराच्या खिशात मर्टी हेगार्टीचं घड्याळ कसं गेलं?

"मी त्याला बाहेर काढून घेऊन जाणार," प्रॉसर म्हणाला. "पण कुणाला लुबाडून नाही. आधी मला खरं काय ते कळू द्या."

त्याला घरी ठेवून दुपारी नोरा एकटीच हेगार्टींच्या टेकडीवर गेली. बरोबर मनुकांचा केक घेतला. या गावात रिकाम्या हाताने चौकशीला गेलं की लोक चौकशी ओळखतात.

म्हातारी हॅना चुलीपाशी बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर म्हणाला होता, वसंत बघणार नाही. तिने केक मांडीवर ठेवून घेतला आणि त्यावर हात फिरवत बसली.

"ये नोरा. त्या बोटीवरच्या पोरीचा पाय कसा आहे?"

"पाय सुधारतोय, जीभ कधीच सुधारलीय. तुम्ही कशा आहात?"

"मी बरी आहे. घरात एक कबर कमी होती, ती आता आहे. तिच्यापाशी जाऊन बसता येतं."

फडताळावर मर्टीची पत्रं लाल फितीत बांधून ठेवली होती. हॅनाला वाचता येत नव्हतं. डॅन दर दोन महिन्यांनी चुलीसमोर बसून मोठ्याने वाची आणि शेजारीपाजारीही ऐकायला जमत. पत्रांपुढे, क्रुसाखाली, घड्याळ टांगलं होतं.

"बघू का मी?"

"बघ ना. माझ्या पोराचं शेवटचं मिनिट आहे ते."

नोराने घड्याळ हातात घेतलं. मागे नाव होतं. काच शाबूत. तिने काटे पाहिले आणि घड्याळ खिडकीच्या उजेडात धरलं. अकरा वाजून पंधरा मिनिटं.

"हॅनाबाई," तिने जपून विचारलं, "डॅन कुठे भेटेल?"

"बटाट्याच्या शेतात," म्हातारी म्हणाली. मग तिच्याकडे रोखून बघत पुढे म्हणाली, "त्याच्याशी जरा मायेने बोल."

६

डॅन हेगार्टी चाळिशीचा, आडव्या अंगाचा, अबोल. लग्न केलं नव्हतं. आई आणि शेत, शेत आणि आई. नोरा दगडी बांधावर बसली आणि त्याने फावडं रोवलं.

"सुंदर दिसतो रे समुद्र इथून," ती म्हणाली. "त्या दिवशीही इथेच होतास?"

"होतो."

"बोट बुडताना दिसली?"

"शेवटची धुराची चिमणी पाण्याखाली गेली आणि खाली चर्चच्या घड्याळाचा सव्वाअकराचा टोला पडला. तो टोला मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"वाटलंच मला," नोरा म्हणाली. "मर्टीचं घड्याळही सव्वाअकरालाच थांबलंय."

"बुडाली तेव्हा थांबलं. त्यात काय नवल?"

"नवल आहे, डॅन. तुझ्या-माझ्या वेळेने बोट सव्वाअकराला बुडाली. बोटीच्या वेळेने अकरा चाळीसला. त्या बोटीवरच्या प्रत्येक घड्याळात अकरा चाळीस होते. सार्जंटकडे नऊ घड्याळं आहेत, एकही साडेअकराच्या फारसं आधीचं नाही. बोटीवर सव्वाअकरा वाजले होते तेव्हा सगळे डेकवर कोरडे उभे होते, पहिली होडीसुद्धा पाण्यात नव्हती. मग हे एकच घड्याळ कुठल्या पाण्यात भिजलं?"

डॅन फावड्याच्या दांड्याकडे बघत राहिला.

"हे घड्याळ त्या बोटीवर नव्हतंच," नोरा म्हणाली. "ते इथे होतं, आपल्या वेळेवर चालत. ज्याने त्याचे काटे लावले, त्याने डोळ्यांनी पाहिलेली वेळ लावली. आपल्यापैकी कुणीही हेच केलं असतं. सगळ्यांना माहीत असतं, इंग्लंडचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे आहे. पण घाईत कुणाच्या लक्षात येतं?"

मग डॅन तिच्याशेजारी बांधावर बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

"मर्टी सहा वर्षांपूर्वीच वारला," तो म्हणाला. "न्यूयॉर्कला पुलाच्या कामावरून पडला. त्याच्या सोबत्याने घड्याळ आणि पत्र पाठवलं. तेव्हा आईला न्यूमोनिया झाला होता. म्हटलं, बरी झाली की सांगू. बरी झाली तर पहिलंच वाक्य, 'मर्टीचं पत्र आलं का?' मी म्हणालो, आलं. कोरा कागद हातात घेऊन वाचून दाखवलं. तिथून सुटताच येईना, नोरा. दर दोन महिन्यांनी. मी कुणाला कधी चिठ्ठी लिहिली नाही, आणि न्यूयॉर्कच्या ट्रामगाड्या काय, बर्फ काय, सगळं रचत बसलो."

"आणि या वर्षी?"

"या वर्षी ती रोज विचारायला लागली. कधी येणार, डॅन? कधी येणार? डॉक्टर म्हणाला फार दिवस नाहीत. मी म्हणालो, येईल, या शरदात येईल. आणि ही बोट माझ्या डोळ्यांदेखत बुडाली. प्रेतं उचलायला मीही गेलो होतो. एकाला चेहरा नव्हता, कोट नव्हता, कागद नव्हता. वाटलं, याला कोण कधी ओळखणार? याला नाव नाही, आणि माझ्याकडे एक नाव आहे, त्याला कबर नाही. घरून घड्याळ आणलं. काटे लावले, पाण्याच्या बादलीत बुडवलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "कुणाचं वाईट झालं, सांग ना?"

"माझ्या खाणावळीत एक म्हातारा बसलाय, डॅन. त्याचं झालं."

त्याने मान वर केली. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"बाप?" त्याने विचारलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं टेकडी चढली. नोरा, प्रॉसर, त्यांना न्यायला खाली आलेला डॅन, आणि नोंदवही न उघडण्याचं वचन देऊन सार्जंट ल्यूसी. डॅन रात्रभर झोपला नव्हता. आईला कसं सांगायचं, हे तो वाटेत पुटपुटत होता. एकदा थांबून म्हणालासुद्धा, "ती याने मरेल, नोरा. मग तिला मी मारलं असं होईल." प्रॉसरने ते ऐकलं. म्हाताऱ्याची पावलं जड झाली. मुलाचं नाव तर हवं होतं, पण एका आईच्या जिवावर ते घ्यायचं कसं, हे त्याच्या खाणकामगार डोक्याला उमजत नव्हतं.

हॅना चुलीपाशीच होती. डॅन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

म्हातारी त्याच्या खांद्यावरून प्रॉसरकडे बघत होती.

"जरा पुढे या," ती म्हणाली. "हात दाखवा तुमचे."

प्रॉसरने हात पुढे केले. तिने ते आपल्या हातांत घेतले आणि अंगठा एकेका निळ्या ठिपक्यावरून फिरवला, अगदी सावकाश.

"आलात," ती म्हणाली. "मी रोज वाट बघत होते. म्हटलं, कुणाचा तरी आहे तो. कुणीतरी येईलच."

डॅनने मान वर केली. "आई, तुला..."

"जपमाळ मीच गुंडाळली ना रे हातांत? मर्टीची करंगळी लहानपणी दारात चेंगरली होती, ती कधी सरळ झाली नाही. ह्या पोराची बोटं सरळ होती. आणि हे असे ठिपके होते." ती प्रॉसरकडे वळली. "तो परक्या गावात रडायला कुणी नसलेला पडला होता. मी रडले. माझ्या पोरासाठी रडायचं राहिलं होतं, ते आणि तुमच्या वाटचं, दोन्ही एकदम. कमी नाही रडले हो. विचारा हिला."

"कमी नाही," नोरा कशीबशी म्हणाली.

"म्हणजे मर्टी गेल्याचं तुला माहीत होतं?" डॅनचा आवाज फाटला.

"पहिल्याच पत्राला कळलं. मर्टी पत्रातून गाईची चौकशी करेल? त्याला गाय म्हणजे चार पाय एवढंच ठाऊक. आणि तू इतकी मोठमोठी पत्रं वाचायचास, अर्धा अर्धा तास. पण पान एकदाही उलटलं नाहीस रे, बाळा."

"मग रोज का विचारायचीस? कधी येणार, कधी येणार?"

"तू कधी सांगशील म्हणून विचारत होते," हॅना म्हणाली. "तुला एकट्याला एवढं ओझं घेऊन मागे ठेवून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण पत्रं चांगली होती हो. मर्टीला जन्मात जमली नसती."

डॅनने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. सार्जंट ल्यूसी खिडकीतून कोंबड्या बघू लागला. नंतर घसा साफ करून त्याने जाहीर केलं की सरकारी यादीत लेखनिकाच्या हातून एक नाव राहून गेलं होतं आणि तो लेखनिक आजच ते सुंदर अक्षरात लिहील.

प्रॉसर अजून उभाच होता. हात अजून म्हातारीच्या हातांत होते.

"आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या चॅपेलमध्ये जपमाळ नसते, बाई," तो म्हणाला.

"अगं आई! मला काय ठाऊक. काढायची का?"

"नको. राहू द्या. त्याला धरायला काहीतरी होतं, हे बरं झालं." त्याने म्हातारीचा हात दाबला. "मी त्याला घरी न्यायला आलो होतो. पण घरी आता मी एकटाच आहे, आणि माझी छाती कोळशाने भरलीय. मी गेल्यावर त्याच्याकडे कोण बघणार? तुमची हरकत नसेल तर त्याला इथेच राहू दे. फक्त दगडावर त्याचं नाव हवं."

"बॅटी आजच कबरीवरची नावाची फळी बदलेल. दगड आला की आधी त्याचं नाव," हॅना म्हणाली. "खाली मर्टीचं, जागा उरली तर. आणि तुम्ही दर वर्षी येत जा. ही नोरा खोलीचं भाडं घेणार नाही."

"हो का!" नोरा डोळे पुसत म्हणाली. "माझ्या खोलीची मालकीण तुम्ही कधीपासून?"

म्हातारी हसली. मग तिने डॅनच्या केसांतून हात फिरवला आणि त्याचं डोकं हळूच वर केलं.

"ते पत्र कुठे आहे? त्याच्या सोबत्याचं?"

डॅन उठला. फडताळाच्या मागच्या फटीतून त्याने सहा वर्षं जुनं पाकीट काढलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"बस इथे. वाच."

तो चुलीसमोरच्या आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसला. निघायला हवं असं नोराला वाटलं, पण हॅनाने हातानेच सगळ्यांना बसायची खूण केली. डॅनने वाचायला सुरुवात केली. मर्टी किती उंचावर काम करायचा. खाली काम करणाऱ्यांना वरून गाणी म्हणून दाखवायचा. त्या दिवशी पहाटे पाऊस पडला होता आणि लोखंड ओलं होतं. डॅनचा आवाज दोनदा अडला, पण तो थांबला नाही. हॅना डोळे मिटून ऐकत होती, प्रॉसरचा एक हात अजून तिच्या हातात होता.

पहिलं पान संपलं आणि डॅनने ते उलटलं.